काच, माणूस आणि पडदा

आमच्या हॉलला एक बे विंडो आहे. भिंतीच्या बाहेर अडीच फूट आलेली, तीन बाजूंनी काच असलेली आणि आत गुडघ्याइतक्या उंचीचा ग्रॅनाइटचा कट्टा असलेली. २००८ साली उपनगरातल्या ह्या चौथ्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा ह्या खिडकीचे आम्हांला एवढे अप्रूप होते की तिच्या सजावटीवर सोफ्यापेक्षा जास्त पैसे गेले. कट्ट्याच्या मापाची गादी, तीन रंगांच्या उशा, काचेलगत पांढरा झिरझिरीत पडदा, त्याच्या अलीकडे जड मोतिया पडदा आणि दोन्ही कोपऱ्यांत पितळेचे हंडे. येणारा प्रत्येक पाहुणा ‘वा!’ म्हणायचा. तिथे बसायचे मात्र कोणी नाही.

हा लेख त्या न बसण्याविषयी आहे. घरसजावट हा माझा प्रांत नव्हे. माझे आयुष्य पुस्तकांविषयी लिहिण्यात गेले. पण कथेला आपण जे प्रश्न विचारतो ते खिडकीलाही विचारता येतात, असे अलीकडे वाटू लागले आहे. सांगणारा कुठे उभा आहे? त्याला काय दिसते? आणि हे सगळे कोणासाठी चालले आहे? हे प्रश्न मी माझ्याच खिडकीला फार उशिरा विचारले.

आधी शब्द पाहू. ‘बे’चा इथे उपसागराशी काही संबंध नाही. जुन्या फ्रेंचमधल्या ‘आ वासणे’ अशा अर्थाच्या क्रियापदापासून तो आला. इंग्रजी ‘विंडो’चे मूळ जुन्या नॉर्स भाषेत आहे आणि त्याचा अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’ असा होतो. आपल्याकडे संस्कृतात ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट आणि ‘गवाक्ष’ म्हणजे गाईबैलाचा डोळा. इतक्या दूरच्या भाषांना खिडकी पाहताना वारा आणि डोळाच सुचावा, ही मौज आहे. पण ह्या शब्दांपैकी एकातही खिडकीत बसलेला माणूस नाही. मराठी मात्र एका प्रत्ययाने ती उणीव भरून काढते. साध्या, भिंतीच्या पातळीतल्या खिडकीबद्दलही आपण ‘ती खिडकीत उभी होती’ असे म्हणतो. खरे तर ती खिडकीशी उभी असते. बे विंडोमध्ये हा ‘त’ अक्षरशः खरा होतो, कारण तिथे खिडकीच्या आत जाता येते. शरीर घराच्या छताखाली असते आणि तरीही भिंतीच्या रेषेपलीकडे, रस्त्यावर आलेले असते. बाजूच्या दोन तिरक्या काचा हे तर ह्या खिडकीचे सर्वस्व आहे. समोरच्या काचेतून समोरची इमारत दिसते, ती कोणत्याही खिडकीतून दिसेल. पण रस्त्याची दोन्ही टोके, वळणावरून येणारा माणूस, खाली आपल्याच दारापाशी थांबलेली रिक्षा हे फक्त बाजूच्या काचा दाखवतात. बेल वाजण्याआधी कोण आले हे कळते ते त्यांच्यामुळे.

म्हणून बे विंडोची सजावट तपासायची तर कापडाचा रंग आणि पोत नंतर पाहावेत. आधी एक क्रम पाहावा: काच, माणूस आणि पडदा ह्या तिघांत कोण कोणाच्या अलीकडे आहे? ह्या क्रमावरून घराने खिडकी कोणाला दिली हे समजते.

भारतात बाहेर आलेल्या खिडकीची परंपरा जुनी आहे आणि तिच्यात दोन टोकाचे क्रम सापडतात. मोगल बादशहा सकाळी झरोक्यात येऊन प्रजेला दर्शन देत. अकबर, जहांगीर, शाहजहान ह्यांच्या काळात हा दरबारी रिवाज होता. औरंगजेबाने तो बंद केला. १९११च्या दिल्ली दरबाराच्या वेळी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी लाल किल्ल्याच्या झरोक्यात येऊन बसले, ते हा रिवाज जाणूनच. ह्या झरोक्यात माणूस सर्वांत पुढे असतो. कोरीव खांब, छत, कठडा ही सगळी सजावट त्याच्याभोवतीची चौकट. पाहणे इथे गौण आणि दिसणे हेच काम. याच्या उलट जयपूरचा हवामहल. १७९९ साली सवाई प्रतापसिंहाने बांधवलेल्या त्या पाच मजली दर्शनी भागात ९५३ खिडक्या आहेत असे सांगतात. त्यांच्यामागे बसून राजघराण्यातल्या स्त्रियांनी रस्त्यावरच्या मिरवणुका पाहायच्या, पण स्वतः दिसायचे नाही. तिथे जाळी पुढे आणि माणूस मागे. बाहेरून पाहणाऱ्याला ती अप्रतिम सजावट वाटते. आत बसणारीसाठी तो बुरखा आहे आणि दुर्बीणही.

बे विंडो ज्या समाजात घरोघरी पोहोचली तो एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा मध्यमवर्ग. तिथे खिडक्यांवर १६९६ पासून कर होता. लोक तो चुकवायला खिडक्या विटांनी बुजवून टाकत. १८४५मध्ये काचेवरचे अबकारी शुल्क गेले, १८५१मध्ये खिडकीकर गेला, आणि पुढच्या काही दशकांत रांगेतल्या साध्या घरांनाही रस्त्याकडे फुगून आलेली खिडकी लागू लागली. दीड शतक उजेडावर पैसे मोजलेल्या समाजाला उजेड स्वस्तात मिळाला, आणि त्याने काय केले? तो पडद्यांनी झाकला. काचेलगत यंत्रावर विणलेल्या लेसचा पडदा, त्याच्या अलीकडे मखमलीचा किंवा जाड लोकरी कापडाचा, वर झालर, बाजूला गोंडे. आणि मधोमध, जिथे माणूस बसायचा, तिथे एका उंच तिवईवर ॲस्पिडिस्ट्राची कुंडी.

ह्या झाडाची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पूर्व आशियातून आलेली ही रुंद हिरव्या पानांची वनस्पती अंधारात, गॅसच्या दिव्यांच्या धुरात, पाणी विसरले तरी जगते. इंग्रजीत तिला बिडाचे झाड म्हणतात. पडद्यांनी उजेड अडवलेल्या खिडकीत दुसरे काही जगले नसते, म्हणून ती लोकप्रिय झाली. म्हणजे उजेडासाठी काढलेल्या खिडकीत उजेड न लागणारे झाड! जॉर्ज ऑर्वेलने १९३६ साली आपल्या एका कादंबरीच्या नावातच हे झाड घातले. तिचा नायक गॉर्डन कॉमस्टॉक पैशाच्या दुनियेशी वैर धरतो आणि भाड्याच्या खोलीतल्या ॲस्पिडिस्ट्राचा मनापासून द्वेष करतो. शेवटी तो लग्न करतो, नोकरी धरतो आणि नव्या घरात हट्टाने तेच झाड आणायचे म्हणतो. ते ठेवायचे कुठे, तर रस्त्याकडच्या खिडकीत, लोकांना दिसेल असे. ह्या शेवटाला कोणी शरणागती म्हणते, तर कोणी शहाणपण. मला त्यात खिडकीचा इतिहास दिसतो. माणूस प्रतिष्ठित झाला की खिडकीतून उठतो आणि आपल्या जागी कुंडी ठेवतो.

ह्या पडदेशाहीवर त्या काळातच टीका झाली होती. चार्ल्स ईस्टलेकने १८६८च्या आपल्या घरसजावटीवरच्या पुस्तकात सांगितले की पडदा साध्या दांडीला, साध्या कड्यांनी, सरळ लोंबता असावा आणि जमिनीवर लोळू नये. पडद्याचे काम दिसावे, असा त्याचा आग्रह. एडिथ व्हॉर्टनने कादंबरीकार म्हणून नाव होण्याआधी, १८९७ साली, वास्तुकार ऑग्डन कॉडमनबरोबर गृहसजावटीवर पुस्तक लिहिले. त्यातही एकावर एक पडद्यांचे थर चढवण्याची खोड काढलेली आहे. खिडकी नीट बांधलेली असेल तर तिला इतके नेसवायची गरज काय, हा त्यांचा रोख. दोन्ही टीका रास्त आहेत. पण दोन्ही अपुऱ्या आहेत. त्या पडद्याच्या वाईट शिलाईविषयी बोलतात, पडद्याच्या जागेविषयी फारसे नाही. साधा, सरळ, सुरेख पडदासुद्धा माणसाला खिडकीबाहेर घालवू शकतो.

आणि उलट, जड पडदाही माणसाला खिडकी देऊ शकतो. शार्लट ब्राँटीच्या ‘जेन एअर’ (१८४७) ची सुरुवात आठवा. नोव्हेंबरचा थंड, पावसाळी दिवस. मामीच्या घरात नकोशी असलेली दहा वर्षांची पोर एक पुस्तक घेते, खिडकीतल्या बैठकीवर मांडी घालून बसते आणि लाल पडदा ओढून घेते. पडदा तिच्या आणि खोलीच्या मध्ये आहे. तिच्या आणि काचेच्या मध्ये काहीच नाही. काच, माणूस, पडदा असा हा क्रम. ज्या घरात तिला जागा नाही त्याच घरात, दोन हात रुंदीची, तिच्या मालकीची एक खोली तयार होते. बेविकचे पक्ष्यांचे पुस्तक वाचता वाचता ती अधूनमधून बाहेरचा ओला दिवस पाहते. मामेभाऊ येतो, तिला बाहेर काढतो आणि तेच पुस्तक तिच्या अंगावर फेकतो. पुढची सगळी कादंबरी म्हणजे पडद्याआडची ती जागा पुन्हा मिळवण्याची धडपड आहे, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नाही.

सत्यजित राय ह्यांचा ‘चारुलता’ (१९६४) हाच प्रश्न आपल्या मातीत आणतो. सुरुवातीची ती काही मिनिटे कोण विसरेल? श्रीमंत घर, सामानाने भरलेल्या खोल्या, दुपार. चारू हातात छोटी दुर्बीण घेऊन एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे जाते, लाकडी पट्ट्यांची झडप किलकिली करते आणि रस्त्यावरचा छत्रीवाला पाहते, पालखी पाहते. मग नवरा पुस्तकात डोके घालून तिच्या शेजारून जातो, आणि ती त्याच्याकडेही दुर्बिणीतूनच पाहते. घरातला माणूस रस्त्यावरच्या माणसाइतकाच दूर आहे, हे राय एकही संवाद न वापरता सांगतात. इथे क्रम हवामहलचा आहे: आधी झडप, मग माणूस. फरक इतकाच की झडप उघडण्याची दोरी चारूच्या हातात आहे, आणि राय तिला एका खिडकीवर थांबू देत नाहीत. त्या सजवलेल्या घरात बसून पाहावे अशी एकही जागा तिला नाही. म्हणून ती चालते.

आता मुंबई. इथल्या बे विंडोचा जन्म सौंदर्यदृष्टीतून झाला नाही. तो चटईक्षेत्राच्या हिशेबातून झाला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत बाल्कनी, फुलांचे वाफे, कोनाडे अशा काही गोष्टी चटईक्षेत्र निर्देशांकात मोजल्या जात नसत. मग नकाशात खिडकीबाहेर फुलांचा वाफा दाखवायचा आणि ताबा देताना तो हॉलमध्ये मिसळून टाकायचा, ही सर्रास रीत झाली. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले. ह्या गोष्टी निर्देशांकात धरल्या जाऊ लागल्या आणि भरपाई म्हणून निवासी इमारतींना अधिमूल्य आकारून ३५ टक्क्यांपर्यंत ‘फंजिबल’ क्षेत्र देण्यात आले. मधल्या वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या असंख्य इमारतींच्या दर्शनी भागावर ते फुगवटे आजही आहेत. आमची खिडकी त्यांतलीच. जिथे कागदावर मोगरा फुलायचा तिथे आम्ही उशा ठेवल्या. इंग्लंडमध्ये कर उठला म्हणून खिडकी फुगली, मुंबईत मोजणी चुकवायला. दोन्हीकडे खिडकीचा आकार सरकारी कागदाने ठरवला आणि तिच्यातला माणूस कोणाच्याच कागदावर नव्हता.

ह्या जागेत पडदे लावायच्या दोन रीती आहेत. एक, खिडकीच्या तोंडावर, भिंतीच्या रेषेत सरळ दांडी टाकायची. पडदा ओढला की कट्टा पलीकडे जातो आणि हॉल चौकोनी होतो. दुसरी, तीनही काचांच्या कलाने दांडी वळवायची. दुसरी रीत महाग, म्हणून प्रतिष्ठेची. आम्ही तीच निवडली. तिच्यातला दोष कोणी सांगितला नाही. पडद्याला चुण्या पडाव्यात म्हणून रुंदीच्या साधारण दुप्पट कापड लागते, आणि पडदा उघडला की ते सगळे कापड गोळा होऊन दोन्ही बाजूंना जाते, म्हणजे नेमके त्या तिरक्या काचांवर. जड आणि झिरझिरीत, दोन्ही पडद्यांचे गठ्ठे तिथेच. पडदे ‘उघडे’ असतानाही आमच्या खिडकीला रस्त्याची टोके कधी दिसली नाहीत. हजारो रुपये खर्चून आम्ही बे विंडोची साधी खिडकी केली होती. शिवाय झिरझिरीत पडद्याची जादू दिवसापुरतीच असते. बाहेर उजेड जास्त असेपर्यंत आतल्याला दिसते, बाहेरच्याला नाही. संध्याकाळी आत दिवे लागले की सारे उलटते. मग आपल्याला बाहेरचे काही दिसत नाही आणि समोरच्या इमारतीला आपले जेवणाचे ताट दिसते.

इतके दिवस हे मला सुचले नव्हते. सुचवले ते आईने, आणि तेही न बोलता.

आईची चाळीस वर्षे गिरगावातल्या चाळीत गेली. तिथे खिडकी नावाची गोष्ट जवळजवळ नव्हती, गॅलरी होती. कठड्याला टेकून तिने डाळ निवडली, आमचे पाढे घेतले, भाजीवाल्याशी घासाघीस केली. ती आमच्याकडे कायमची राहायला आली तेव्हा पहिले चार-पाच दिवस रोज सकाळी त्या कट्ट्यावर जाऊन बसली. उशी पाठीशी, पाय वर, पडदा एका हाताने बाजूला सारलेला. उशा दबत होत्या. पांढऱ्या पडद्यावर तिच्या तेलकट बोटांचा ठसा उमटला. कोणीतरी तिला म्हणाले, ‘आई, सोफ्यावर बस ना, तिथं आरामात बसता येईल.’ हे ‘कोणीतरी’ म्हणजे मीच. ती उठली. पुन्हा तिथे बसली नाही.

काही महिन्यांनी लक्षात आले की ती स्वयंपाकघरामागच्या कपडे धुण्याच्या जागेत, वॉशिंग मशिनशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसते. तिथे खिडकीबाहेर लोखंडी जाळीचा पिंजरा काढलेला आहे, मुंबईतल्या लाखो खिडक्यांना असतो तसा. त्यात तुळशीचा डबा, कांद्यांची टोपली, उलटी ठेवलेली बादली, वाळणारे पायपुसणे. मी म्हटले, ‘इथं काय बसतेस, पुढं एवढी मोठी खिडकी आहे.’ ती म्हणाली, ‘ती पाहुण्यांची. इथनं फाटक दिसतं.’

मी त्या पिंजऱ्याकडे तेव्हा प्रथमच समीक्षकाच्या नजरेने पाहिले. भिंतीबाहेर आलेला, तीन बाजूंनी उघडा, समोर आणि बाजूंनाही दिसेल असा. मुंबईची खरी, लोकांनी स्वतः घडवलेली बे विंडो हीच. नगररचनाकार तिला विद्रूप म्हणतात. आगीच्या वेळी ती जीवघेणी ठरू शकते, म्हणून तिच्याकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. पण तिच्यात ठेवलेली प्रत्येक वस्तू रोज हाताळली जाते. तुळशीला पाणी घालायला, कांदा घ्यायला, पायपुसणे उलटवायला माणसाला दिवसातून दहा वेळा खिडकीत यावेच लागते. पुढच्या खिडकीतल्या पितळी हंड्यांना आठवड्यातून एकदा फडक्याने पुसायचे, एवढाच आमचा संबंध. जी सजावट माणसाला खिडकीत बोलावते ती आणि जी त्याला खिडकीतून उठवते ती, असा भेद केला तर बाकी नियमांची फारशी गरज उरत नाही. फडताळातल्या छापील शोभेच्या पुस्तकांनाही हाच नियम लागू आहे, पण तो वेगळा लेख.

ह्यावर एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावासा वाटतो. घर लोकांना छान दिसावे ही इच्छा इतकी निंद्य आहे का? चाळीत दारापुढे आई रोज रांगोळी काढायची, ती कोणासाठी? येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीच ना? ऑर्वेलच्या नायकाला शेवटी जे कळले ते हेच असेल, की शेजाऱ्यांना दिसावे म्हणून कुंडी ठेवणे हीसुद्धा माणसांत राहण्याची एक रीत आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. पण रांगोळी काढणारी उंबऱ्यातच बसलेली असायची. ती काढता काढता तिने शेजारणीची विचारपूस केलेली असायची. दिसणे आणि पाहणे तिथे एकाच जागी होते. आमच्या खिडकीत दिसणे तेवढे उरले होते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी पडदे धुवायला काढले, ते पुन्हा लावले नाहीत. वळवलेली दांडी काढून खिडकीच्या तोंडावर एक सरळ दांडी टाकली, तिला साधा सुती पडदा. आता पडद्याचा गठ्ठा भिंतीवर जातो, काचांवर नाही. हंडे माळ्यावर गेले. गादी राहिली, तिच्यावर जुन्या लुगड्याची गोधडी घातली, म्हणजे डाग पडायची भीती नाही. समोरची काच सरकते, तिथून हात बाहेर काढून आकाशकंदील टांगला. आकाशकंदील ही खिडकीची बहुधा एकमेव सजावट अशी, की ती टांगायला खिडकीत जावेच लागते, आणि टांगून झाल्यावर ती रस्त्याची होते.

आईला बोलावले. खुर्चीवरून उठून चार पावले चालायला तिला आता वेळ लागतो. ती आली, गोधडीवर बसली, आधी उजव्या काचेतून आणि मग डाव्या काचेतून पाहिले.

‘इथनंपण फाटक दिसतं की,’ ती म्हणाली. आणि जरा वेळाने, ‘डाळ आण. निवडून देते.’